तोंडातली मालमत्ता

आमच्या ह्यांनी दिवाळखोरीचा अर्ज भरला, त्याच्या तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी तोंडातली कवळी काढली आणि परत लावलीच नाही. कुठे ठेवली तेही सांगेनात. विचारलं की ओठ मिटून घ्यायच्या. दात नसलेल्या माणसाने ओठ मिटले की चेहरा निम्मा होतो, त्यामुळे पुढे विचारायला माझा जीव व्हायचा नाही.

कवळी काही साधीसुधी नव्हती. हे दात बनवतात. डॉक्टर नव्हेत हं. डॉक्टर माप घेऊन पाठवतात आणि हे मागच्या खोलीत बसून कवळी घडवतात. आसपासची म्हातारी मंडळी तर डॉक्टरांना वगळून थेट ह्यांच्याकडेच येतात, कारण हे हप्त्याने देतात. बावीस वर्षं तेच टेबल, तोच स्पिरिटचा दिवा, मेणाच्या पट्ट्या, आणि वरचा-खालचा साचा बसवून चावा जुळतो का बघायचं ते बिजागरीचं पितळी यंत्र. आईंची कवळी करायला ह्यांनी चाळीस दिवस घेतले. त्यांचा डावा सुळा मूळचाच जरा तिरका होता. जुन्या फोटोत भिंगातून बघून बघून ह्यांनी तो तसाच तिरका बसवला. कवळीत तिरका दात बसवायला छाती लागते, गिऱ्हाईक फेकून मारतं. आईंनी आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे, ही तर मीच!" तेव्हापासून रोज चार वाजता त्या खिडकीत बसून सफरचंद खायच्या. कापून नाही, अख्खं, रस्त्यावरच्यांना कुरकुर ऐकू जाईल असं.

आता सफरचंद बंद झालं होतं. दुधात भिजवलेला पाव, सकाळी आणि संध्याकाळी. पाच आठवड्यांत त्यांचं मनगटावरचं घड्याळ कोपराकडे सरकायला लागलं. मला खरंच भीती वाटायला लागली होती.

कर्जाचं म्हणाल, तर ते त्या मशीनचं. संगणकावर चित्र काढा, खाली दात कोरून मिळतात, असं ते मशीन. बँकेनेच गळ्यात मारलं. आठ महिन्यांत त्याने अकरा कवळ्या केल्या, त्यातल्या एकीत दोन्ही बाजूंना उजवेच दात. तोवर एका मोठ्या कारखान्याने डॉक्टरांना निम्म्या भावात माल द्यायला सुरुवात केली. ह्यांनी बँकेचा हप्ता भरायला दुसरं कर्ज घेतलं, दुसऱ्याचा भरायला कार्डं घासली. शेवटी मोफत सल्ला देणाऱ्या एका भल्या बाईंनी समजावलं, की अर्ज करा, माणसाला परत उभं राहता यावं म्हणूनच हा कायदा आहे. ह्यांनी अर्ज केला. इथवर सगळं ठीक होतं.

मग माझा धाकटा भाऊ आला. तो लिफ्ट दुरुस्त करतो, पण जगातल्या कुठल्याही विषयावर त्याचं मत तयार असतं, म्हणून घरात त्याला वकीलसाहेब म्हणतात. त्याला ती स्तुती वाटते. स्वयंपाकघरात खुर्ची उलटी करून तो बसला.

"दाजी, पहिलं म्हणजे तुमचा फोटो पेपरात येणार. अर्धं पान."

"अर्धं?" हे म्हणाले.

"कर्ज मोठं असेल तर पूर्ण. दुसरं, ताईचा पगारही जाणार. नवरा बुडाला की बायको बुडाली. तिसरं, आजपासून कामाला हात लावायचा नाही. दिवाळखोराने कमावलं की गुन्हा."

"मग खायचं काय?" मी विचारलं.

"ते कायद्यात नाही," तो म्हणाला. "टीव्ही मी घेऊन जातो. माझ्या नावावर दाखवू. आणि निकाल लागायच्या आत अजून एक कर्ज काढा, दाजी. सगळं धुऊन निघणारच आहे, तर भरपूर मळवून घ्या."

एवढी छाती ह्यांच्यात नाही, ते एक बरं झालं.

"आणि उधारीवर गेलेला माल ते परत ओढतात," वकीलसाहेब चहा ढवळत म्हणाले. "जिथे असेल तिथून. गिऱ्हाइकाच्या तोंडात असला तरी. बिल फिटलं नाही, म्हणजे तो धंद्यातलाच माल."

मी पोट धरून हसले. कोपऱ्यात सफरचंद खात बसलेल्या आई हसल्या नाहीत.

ह्यांनी मात्र काम बंद ठेवायचं ते मनावर घेतलं. टेबलावर चादर टाकली आणि बाहेरच्या खोलीत मांडीवर हात ठेवून बसले. बावीस वर्षांत मी ते हात कधी स्वच्छ पाहिले नव्हते. नखांतलं प्लास्टर गेलं आणि हातच परके वाटायला लागले. मी कामावर जायचे, परत यायचे, हे तिथेच. शेजारच्या खोलीत आई, ओठ मिटून.

"तिला लाज वाटते माझी," एकदा हे म्हणाले. "दिवाळखोराच्या हातचे दात तोंडात नकोत तिला."

"काहीतरीच काय," मी म्हटलं. पण खरं काय ते मलाही ठाऊक नव्हतं. आईंचा राग यायचा, ह्यांचा यायचा, आणि सगळ्यात जास्त त्या मशीनचा यायचा, जे कोपऱ्यात हिरवा दिवा लावून मजेत उभं होतं.

इकडे वकीलसाहेबांचं ज्ञान लिफ्टमधून मजल्यामजल्यावर पोहोचलं. आठवड्याभरात बागेतल्या बाकांवरची सगळी म्हातारी मंडळी तोंड मिटून बसायला लागली. नमस्काराला नुसती मान हलायची. न्हावी म्हणाला, दाढी करताना गाल आत जातात, वस्तरा कुठे टेकवू? बेकरीत मऊ पाव दुपारपर्यंत संपायचा आणि टोस्ट बरणीत पडून राहायचा. बेकरीवाल्याने मला थांबवून विचारलं, "काही साथ आलीय का हो?" मी म्हटलं, "हो, आणि ती माझ्या माहेरहून आलीय."

एके सकाळी माजी पोस्टमन मागच्या दाराने आले. हप्त्यांची वहीच घेऊन आले होते.

"चौदा हप्त्यांपैकी सहा भरलेत," ते कुजबुजले. "तेव्हा पुढचे सहा दात माझे. मागचे त्यांना नेऊ दे. पण पुढचे कापून वेगळे करून द्या, म्हणजे भांडण नको."

"काम बंद आहे," हे म्हणाले.

"मग लिहून तरी द्या, की पुढचे माझे."

ह्यांनी लिहून दिलं नाही. पोस्टमन रागावून गेले, पण रागावलेलं दाखवायला दात नसल्यामुळे ते रडवेले दिसत होते.

सहाव्या आठवड्यात दिवाळखोरी कार्यालयातून बाई आल्या. खांद्याला चपटी पिशवी, पिशवीला दोरीने बांधलेलं पेन. घरातल्या वस्तूंची यादी करायला आल्या होत्या, म्हणून मी मनात त्यांना यादीवाल्या बाई म्हणायला लागले. वकीलसाहेब रजा टाकून हजर होते. "मी बोलतो, तुम्ही गप्प राहा," त्याने आम्हाला बजावलं होतं.

बाईंनी पलंग पाहिला. "हा राहील." कपाट. "राहील." माझी सायकल. "कामावर जायला लागते ना? राहील." प्रत्येक 'राहील'ला वकीलसाहेबांचं तोंड थोडं उतरायचं, जणू त्याचंच काही जात होतं.

"पेपरात फोटो कधी येणार?" ह्यांनी विचारलं. पाच आठवडे हाच प्रश्न घशात होता.

"कुठला फोटो? सरकारी नोंदवहीत नाव येतं एका ओळीत. ती कोणी वाचत नाही. मीसुद्धा नाही."

"आणि हिचा पगार?"

"बायकोने कर्जावर सही केली होती का? नाही ना? मग त्यांचा पगार त्यांचा." बाईंनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर टीव्हीच्या आकाराचा स्वच्छ चौकोन होता. "इथे काय होतं?"

मी भावाकडे बघितलं. तो चपलेकडे बघत होता.

"बघा," बाई शांतपणे म्हणाल्या, "टीव्ही जुना असेल तर मी तो नेणारही नाही. पण लपवला असेल, तर सगळा अर्जच अडकेल. हे एवढं एकच आमच्याकडे चालत नाही."

वकीलसाहेब उठले. "टीव्ही घेऊन येतो," एवढंच म्हणाले. त्याने दार उघडलं तर दारात गर्दी. माजी पोस्टमन, ट्रंपेटवाले काका, शिवणकाम करणाऱ्या मावशी आणि बागेतली आणखी आठ-दहा मंडळी. प्रत्येकाच्या हातात काही ना काही होतं. साबणाची डबी, चष्म्याचं घर, मोजा. काकांच्या हातात ट्रंपेट होता आणि तो हलवला की आतून खुळखुळ वाजायचं.

"आम्ही शरण आलो," पोस्टमन म्हणाले. "पण पावती पाहिजे. माझे पुढचे सहा सोडून."

बाईंनी सगळ्यांकडे नीट पाहिलं. नोकरीत त्यांनी बरंच पाहिलं असावं, पण हे नसावं. "राहिलेले हप्ते मी येणं म्हणून यादीत लिहीन," त्या म्हणाल्या, "ते तुम्ही भरायचेच. पण दात कशाला आणलेत?" आणि उत्तराची वाट न पाहता त्या मागच्या खोलीत गेल्या. मशीनवर त्यांनी एक पट्टी चिकटवली. "हे बँकेचं. उद्या माणसं येऊन नेतील." ह्यांनी ते ऐकून नुसती मान हलवली. दुःख कोणालाच झालं नाही. मग बाईंनी टेबलावरची चादर ओढली, टेबलाचा फोटो काढला, स्पिरिटच्या दिव्याचा काढला, पितळी यंत्राचा काढला.

आई दारात उभ्या होत्या. फोटोचा लख्ख उजेड पडला तशा त्या दचकल्या, वळल्या आणि आत गेल्या. परत आल्या त्या बटणांचा पत्र्याचा डबा घेऊन. घरातल्या प्रत्येक जुन्या सदऱ्याची बटणं त्या त्यात साठवतात. डबा त्यांनी टेबलावर उपडा केला. पांढरी, काळी, तपकिरी, कोटाची, झग्याची, शेकडो बटणं घरंगळली, आणि त्यांच्यामध्ये गुलाबी, तिरक्या सुळ्याची कवळी.

"हे घ्या," आई म्हणाल्या. दातांशिवाय शब्द सांडत होते, पण सगळं कळत होतं. "हिचं बिल झालेलं नाही. धंद्यातला माल आहे. मी लपवला. ह्याला माहीत नव्हतं, ह्याला शपथेवर लिहून द्यायचं होतं, म्हणून मी सांगितलं नाही. काय शिक्षा करायची ती मला करा. पण टेबल नेऊ नका, बाई. टेबल नेलंत तर हा मरेल."

मला रडू फुटलं. पाच आठवडे मी ह्या म्हातारीवर मनातल्या मनात चिडत होते आणि ती सफरचंदावाचून झुरत मुलाला खोट्या शपथेपासून वाचवत होती.

"आजी," यादीवाल्या बाई म्हणाल्या, "टेबल कोण नेतंय?"

"फोटो काढलात."

"तो यादीसाठी. पोट भरायची अवजारं आम्ही नेत नाही. टेबल राहील, दिवा राहील."

"आणि हे?"

"जे तोंडात बसतं ते माझ्या यादीत बसत नाही."

दारातल्या मंडळींनी एकदम श्वास सोडला. ह्यांचं मात्र कशाकडे लक्ष नव्हतं. ह्यांनी बटणांतून कवळी उचलली होती आणि ती खिडकीच्या उजेडात फिरवून बघत होते. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"कोरडी?" हे म्हणाले. "पाच आठवडे कोरडी?"

"अरे..."

"बटणांत? आई, किती वेळा सांगितलंय, तोंडातून काढली की पाण्यात! पाण्यात! वाळून वाकलीय ही. टाळूला बसणार आहे का आता?"

"पाण्यात ठेवली असती तर दिसली असती."

"मग दिसू द्यायची होती!" हे एवढ्या जोरात ओरडले की पोस्टमननी मोजा पाठीमागे लपवला. "आणि तुम्ही! तुम्ही कशात ठेवल्यात? मोज्यात? काका, ट्रंपेटमध्ये? अहो, चाळीस-चाळीस तास मान मोडून करतो मी त्या!"

इतक्या दिवसांनी ह्यांचा चढलेला आवाज ऐकला आणि मला एवढं बरं वाटलं, की मी तिथेच स्टुलावर बसले.

ह्यांनी खुर्ची ओढली, दिवा पेटवला, कवळीची आतली बाजू कानशीने खरवडायला घेतली. आणि हात थांबला. हे हळूच बाईंकडे वळले.

"चालेल ना? काम केलं तर?"

"करायलाच हवं. बंद करायला कोणी सांगितलं?"

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. टीव्ही कवटाळून नुकतेच परत आलेले वकीलसाहेब छताकडे बघायला लागले.

ह्यांनी वाटीत गुलाबी पावडर कालवली. तो उग्र वास खोलीभर पसरला. पूर्वी मी ह्या वासाला नाक मुरडायचे. कालवलेला लेप कवळीच्या आतून लावून ह्यांनी ती आईंच्या तोंडात बसवली. "आता चाव. घट्ट. पाच मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही, नाहीतर माप बिघडेल."

आईंनी दात आवळले. हे त्यांची हनुवटी तळहातावर धरून समोर बसले. घड्याळ बघत होते. मग घड्याळ बघायचं सोडून म्हणाले, "मला वाटलं, तुला माझी लाज वाटते."

आईंचे डोळे मोठे झाले. तोंड उघडता येईना.

"हलू नकोस. मला वाटलं, लोकांत बुडालेल्या मुलाचे दात घालून कसं बसायचं, म्हणून काढून ठेवलेस तू. रोज वाटायचं. टेबलाकडे बघवत नव्हतं मला."

आईंनी ह्यांच्या गुडघ्यावर फटका मारला. मग आणखी एक. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दात आवळलेलेच होते. यादीवाल्या बाई पिशवीत काहीतरी शोधायला लागल्या. दारातली मंडळी जमिनीकडे बघत होती. ती पाच मिनिटं संपता संपेनात.

"सोड," हे म्हणाले.

"गाढवा," आई म्हणाल्या. पहिला शब्द, खणखणीत. "लाज वाटली असती तर कचऱ्यात टाकली असती. लपवतात ते काय, वाईट सामान लपवतात?"

ह्यांनी मान खाली घातली. आईंनी ती दोन्ही हातांनी वर केली.

मग त्या बाईंकडे वळल्या. आता दात होते, त्यामुळे रुबाबही परत आला होता. "तुम्ही चांगल्या आहात, पण उद्या दुसरं कोणी येईल. हिचं बिल व्हायलाच हवं." त्यांनी टेबलावरची बटणं चाळली आणि एक निळं, चार भोकांचं निवडून मुलाच्या हातात ठेवलं. "हे घे. फिटलं का?"

"फिटलं," हे म्हणाले.

"लिही तसं."

ह्यांनी पावती लिहिली. एक कवळी, पूर्ण रक्कम मिळाली. आईंनी ती घडी घालून डब्याच्या तळाशी ठेवली. यादीवाल्या बाईंनी दोरीचं पेन हातात घेतलं. "मिळकत झाली, म्हणजे मला नोंदवावी लागेल," त्या म्हणाल्या, आणि खरोखरच यादीच्या शेवटी लिहिलं: निळं बटण, एक. मग दारातल्या रांगेकडे बघून म्हणाल्या, "ह्यांच्या दुरुस्तीचे पैसेही दर महिन्याला कळवा. बाकी चालू द्या."

रांगेत मोजा सगळ्यात पुढे होता.

वर्षाने कर्जातून मोकळं केल्याचा कागद आला. सोबत शिक्का मारलेली यादी होती, ह्यांच्याकडे राहिलेल्या वस्तूंची. पलंग, कपाट, सायकल, टेबल, दिवा, टीव्ही, आणि शेवटी ते बटण. हे ती यादी परत परत वाचत होते. मग कामाचा कोट आणि ते निळं बटण घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "हे गळ्याशी लावून दे ना." कोटाची बाकीची बटणं पांढरी आणि दोन भोकांची होती. मी शिवून दिलं. खिडकीत आई सफरचंद खात होत्या.